नदी भीमेची, जिल्हा गोदावरीचा

मोबाइलवर ‘आष्टी’ टाइप करून बघा. एक नाही, तीन-चार गावं समोर येतात. वर्धा जिल्ह्यातली आष्टी, जिथे १६ ऑगस्ट १९४२ ला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि माणसं गोळ्यांना बळी पडली. सोलापूर जिल्ह्यातली, मोहोळ तालुक्यातली आष्टी, जिथे फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले. जालना जिल्ह्यातही एक आष्टी आहे. आणि मग बीड जिल्ह्यातली आष्टी.

या शेवटच्या आष्टीला दिनविशेषात जागा नाही. तिथे मोठी लढाई झाली नाही, राजधानी नव्हती, अभ्यासक्रमात धडा नाही. बातम्यांत ती येते तेव्हा तीन विषय असतात: दुष्काळ, ऊसतोड, निवडणूक. त्यामुळे या तालुक्याला इतिहासच नाही असं कुणालाही वाटेल. पण ज्या गावात लढाई झाली नाही तिथेही इतिहास घडतो. तो पाण्याच्या उतारात असतो, बाजाराच्या वाटेत असतो, कोणत्या कचेरीत अर्ज द्यायचा यात असतो. आष्टीचा इतिहास असा आहे, आणि अजून संपलेला नाही.

जीभ बाहेर काढलेला तालुका

बीड जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि पश्चिमेकडे बघा. जिल्ह्याने नगरच्या अंगणात जीभ बाहेर काढावी तसा एक भाग दिसतो. तो आष्टी तालुका. उत्तरेला पाथर्डी, पश्चिमेला नगर आणि श्रीगोंद्याचा मुलूख, दक्षिणेला कर्जत आणि जामखेड. हे सगळे अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुके. आष्टी आपल्या जिल्ह्याला जोडलेली आहे ती फक्त पूर्वेकडून, पाटोदा आणि शिरूर कासारच्या बाजूने.

अंतरंही तेच सांगतात. आष्टीहून नगर बीडपेक्षा जवळ आहे. दवाखाना मोठा हवा तर नगर. लग्नाचा बस्ता नगर. बारावीनंतरचे क्लास, ट्रॅक्टरचे सुटे भाग, कांद्याचा भाव बघायचा तरी नगर. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद आणि खासदारकीचं मत मात्र बीडला. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटी स्टँडवर ‘नगर, नगर’ हीच हाळी अजून ऐकू येते.

बालाघाटाचे डोंगर इथे पश्चिमेकडे उतरत येतात. माथ्यावर आणि उतारावर मुरमाड, बरड जमीन, नदीकाठाला काळी. सह्याद्री अडवतो त्या ढगांची उरलीसुरली ओल इथे पोचते. वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी पाऊस. त्यातही जून-जुलैचा भरवसा नाही. खरा आधार परतीच्या पावसाचा. उत्तरा आणि हस्त बरसले तर रब्बीची ज्वारी साधली, माणसाला भाकरी आणि गुरांना कडबा मिळाला. ते गेले तर वर्ष गेलं. खरिपात बाजरी, तूर, उडीद, मूग. अलीकडे कांदा आणि कापूस. आष्टी आणि कडा ही दोन बाजाराची गावं आणि त्यांच्याभोवती विखुरलेल्या वाड्या-वस्त्या. तालुक्याचा ढोबळ आराखडा एवढाच.

थेंब कुठे जातो

आता या नकाशावर नद्या ठेवून बघा. गोष्ट इथे गुंतागुंतीची होते.

बीड जिल्हा हा मुख्यतः गोदावरीचा. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी स्वतः वाहते, सिंदफणा तिला मिळते, आणि आष्टीच्या शेजारच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मोठा वळसा घेऊन अखेर गोदावरीतच जाते. आष्टीचं पाणी मात्र उलट्या दिशेला जातं. मेहेकरी, कडी या नद्या सीनेला मिळतात. सीना नगरजवळून निघते, तालुक्याच्या कडेकडेने दक्षिणेला जाते, धाराशिव-सोलापूरचा मुलूख ओलांडते आणि भीमेला मिळते. भीमा कृष्णेला.

म्हणजे पाटोद्याच्या माळावर पडलेला थेंब गोदावरीच्या मुखाकडे निघतो आणि तिथून काही कोसांवर आष्टीच्या माळावर पडलेला थेंब कृष्णेच्या मुखाकडे. दोन्ही शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर पोचतात, पण वेगवेगळ्या वाटांनी. शेतकऱ्याला याचं काय, असं वाटेल. पण आपल्याकडे पाणी नदीखोऱ्यानुसार वाटलं जातं, आणि निधी जिल्हा व विभागानुसार. जो तालुका पाण्याच्या हिशेबात एका घरचा आणि निधीच्या हिशेबात दुसऱ्या घरचा, त्याचं ताट कोणी वाढायचं? आष्टीचा निम्मा इतिहास या प्रश्नात आहे.

सरहद्द

आष्टीपासून फार लांब नसलेलं खर्डा गाव जामखेड तालुक्यात आहे. ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम यांच्यात तिथे लढाई झाली आणि निजामाचा पराभव झाला. लढाई इथेच का झाली? कारण दोन सत्तांच्या मुलखांची शिवण इथून जात होती. पुण्याहून निघालेलं सैन्य आणि बीदरकडून आलेलं सैन्य समोरासमोर यायला ही जागा सोयीची होती.

१८१८ ला पेशवाई गेली. नगर इंग्रजांकडे आलं. १८२२ च्या तहाने इंग्रज आणि निजाम यांनी आपापल्या हद्दी आणि चौथाईचे जुने हक्क निकालात काढले. आष्टी निजामाच्या बाजूला राहिली. पण ही हद्द सरळ रेषेत नव्हती. जामखेड तालुक्यातली कितीतरी गावं निजामाच्या मुलखाने वेढलेली, बेटांसारखी विखुरलेली होती. मुलगी दिली ते गाव इंग्रजांचं आणि माहेर निजामाचं, असं सहज घडायचं. ही बेटं कायद्याने पुसली गेली ती थेट १९५० साली, एकमेकांत अडकलेली गावं ज्याच्या त्याच्या प्रांतात सामील करण्याचा हुकूम निघाला तेव्हा.

सरहद्द म्हणजे तारेचं कुंपण नव्हतं. ढोरं, पाहुणे, फकीर, वारकरी सगळे ये-जा करत. सतराव्या शतकातले संतकवी शेख महंमद हे मूळचे वाहिऱ्याचे, म्हणजे आजच्या आष्टी तालुक्यातले. त्यांचं नाव जोडलं गेलं ते श्रीगोंद्याशी. मुसलमान घरातला हा माणूस मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितो आणि दोन्हीकडचे लोक त्याला आपला मानतात. सावरगावजवळ मायंबाला मच्छिंद्रनाथांचं स्थान आहे, तर पाथर्डीच्या हद्दीत मढीला कानिफनाथांचं. नाथपंथाच्या भाविकांची वाट या डोंगररांगेवरून आजही जाते आणि मध्ये जिल्हा कधी बदलला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पैशाच्या व्यवहारात मात्र सरहद्द कडक होती. हैदराबाद संस्थानाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. इंग्रजी रुपयापेक्षा त्याची किंमत कमी, त्यामुळे नगरच्या बाजारात जाणाऱ्याला बट्टा सोसावा लागायचा. संस्थानाचं टपाल तिकीट वेगळं. वर्ष मोजायची रीत वेगळी. सरकारी कागदावर फसली सन. कचेरीची भाषा उर्दू. आणि मालाची ने-आण करताना करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानाची जकात. आष्टीच्या शेतकऱ्याचा नैसर्गिक बाजार नगर, आणि त्या बाजाराच्या वाटेवर आपल्याच सरकारचा नाका.

कर्जाचंही तसंच. १८७५ ला पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जत-जामखेडच्या कुणब्याला निदान कोर्टात सावकाराचा हिशेब तपासून मागता येऊ लागला. दोन कोसांवरच्या आष्टीच्या कुणब्याला तो कायदा नव्हता. हैदराबाद संस्थानात त्या जातीचे कायदे यायला आणखी अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला. जमीन तीच, पाऊस तोच, काही ठिकाणी सावकारही तोच; फक्त कायदा वेगळा.

६६ किलोमीटर, १४४ वर्षं

१८७८ साली दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला आणि नगरला स्टेशन आलं. या एका गोष्टीने आसपासच्या मुलखाचं अर्थकारण बदललं.

त्याआधी बालाघाटात मालाची वाहतूक बैलांच्या पाठीवरून व्हायची. धान्य, मीठ, कापूस गोण्यांत भरून बैलांचे तांडे घाट चढायचे-उतरायचे. लमाण आणि वंजारी समाजांतल्या अनेक कुटुंबांचा तो पिढीजात व्यवसाय. आगगाडी आली, पाठोपाठ गाडीरस्ते झाले आणि तांड्यांचा धंदा बसला. व्यापाराच्या वाटेवर राहणारी माणसं डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनी कसू लागली. चांगली जमीन आधीच गेलेली होती. पुढे ऊसतोडीचा विषय येईल तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्या. कोयता हातात घेतलेल्या अनेकांच्या पणजोबांचा व्यवसाय मजुरीचा नव्हता, वाहतुकीचा होता.

मग एकामागून एक दुष्काळ. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. बीड जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सव्वासहा लाखांहून अधिक होती. १९०१ च्या गणनेत ती पाच लाखांच्याही आत आली. दहा वर्षांत पाचातला एक माणूस कमी. काही मेले, काही परागंदा झाले. आष्टीसारख्या हलक्या जमिनीच्या भागात याचा अर्थ काय झाला असेल याची कल्पना करता येते. रेल्वेने धान्य येऊ शकतं ते स्टेशनजवळच्या मुलखात. शेवटचे साठ-पासष्ट किलोमीटर बैलगाडीनेच, आणि चारा नसताना बैल कुठून आणायचे?

निजामानेही रेल्वे बांधली. बीड जिल्ह्यात परळीला ती आली. पण परळी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आणि आष्टी पश्चिम टोकाला. दोन बाजूंना दोन रूळ आणि मधला सगळा मुलूख कोरा. परळी-बीड-नगर असा मार्ग व्हावा ही मागणी कित्येक दशकं होत राहिली. २६१ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी मिळाली ती १९९० च्या दशकाच्या मध्यात. नगरहून न्यू आष्टीपर्यंतचे ६६ किलोमीटर पूर्ण होऊन पहिली प्रवासी गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला.

१८७८ ते २०२२. सहासष्ट किलोमीटर यायला आगगाडीला १४४ वर्षं लागली.

निजाम गेला, कागद राहिले

१९४७-४८ हे वर्ष सरहद्दीवरच्या गावांसाठी भीतीचं होतं. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते इंग्रजी गेलेल्या मुंबई प्रांतात छावण्या टाकून होते, आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी करोडगिरीचे नाके व सरकारी दप्तरं जाळली जात होती. रझाकारांच्या भीतीने कुटुंबं हद्दीपलीकडे नातलगांकडे जायची. ज्या नाक्याने व्यापार अडवला त्याच नाक्याच्या पलीकडची बाजू आता आसरा झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरलं, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या, हाली सिक्का हळूहळू चलनातून गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

नकाशावरची रेषा आता दोन देशांची उरली नाही, दोन जिल्ह्यांची झाली. पण कागदावर ती शिल्लक आहे. सगळ्यात ताजं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर घडलं आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात निजामकाळातली उर्दू आणि मोडी कागदपत्रं धुंडाळावी लागली. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेण्याचा निर्णय काढला. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात जे बोललं गेलं ते बाजूला ठेवू. इतकंच बघा: एका सोयऱ्याचा दाखला इंग्रजी अमदानीतल्या मराठी-मोडी दप्तरात शोधायचा आणि दुसऱ्याचा फसली सनाच्या उर्दू दप्तरात, ही वेळ ज्या रेषेमुळे येते ती रेषा दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

सगळा दोष निजामाचा का?

मराठवाड्यात एक सोपं उत्तर नेहमी मिळतं: आम्ही मागे राहिलो कारण आम्ही निजामात होतो. त्यात तथ्य आहे. शाळा उशिरा आल्या, त्याही परक्या भाषेत. रस्ते, सहकार, वर्तमानपत्रं उशिरा आली.

पण आष्टीला हे उत्तर पडताळून बघायची एक सोय आहे, कारण शेजारीच इंग्रजी मुलखाचा नमुना आहे. पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके निजामात नव्हते. तरी तेही कोरडेच राहिले, आणि पाथर्डी-जामखेडमधूनही ऊसतोड कामगार बाहेर पडतात. म्हणजे दुष्काळ सरहद्द बघून पडत नव्हता.

मग फरक कशाने पडला? पाण्याने. इंग्रजांनी १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण केलं. प्रवरेचे कालवे संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या बाजूला गेले. त्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात साखर, दूध, बँक, कॉलेज असा सहकाराचा गाडा तयार झाला. सह्याद्रीत पडणारा पाऊस धरणात अडवून आणता येतो असा तो भाग. दक्षिण नगर आणि आष्टी या दोघांनाही सह्याद्री हाताशी नव्हता.

तरीही एक फरक उरतोच. पाथर्डी-जामखेडचा कोरडा शेतकरी ज्या जिल्ह्यात होता त्याच जिल्ह्यात पैसा आणि सत्ता तयार होत होती. त्याला निदान भांडायला जवळचं घर होतं. आष्टीला भांडायचं ते बीडमध्ये, जिथे बाकीच्या तालुक्यांची तहान गोदावरीकडे बघत होती. निजामाने दुष्काळ दिला नाही. सरहद्दीने दिली ती जागा, दोन्ही घरांच्या उंबऱ्याबाहेरची.

कोयता

१९७२ च्या दुष्काळाने खडी फोडायला लावली, पाझर तलाव खोदायला लावले आणि त्याच कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. पण रोहयोच्या बरोबरीने दुसरी एक ‘योजना’ वाढत होती, जिला कुठलाही शासन निर्णय नव्हता. पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत होते, त्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती. बालाघाटात माणसं होती, पाणी नव्हतं.

रीत अशी. पावसाळ्यात मुकादम कारखान्याकडून पैसे घेतो आणि घरोघरी ‘उचल’ वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला पूर्ण कोयता मानत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. पूर्वी बैलगाड्या, मग ट्रक, आता ट्रॅक्टरही. नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या, गाडी रात्री कधीही आली तरी भरायची. चार-सहा महिने हे चालतं. पाडव्याच्या आसपास माणसं परततात. हिशेबात उचल फिटली तर ठीक, नाही तर बाकी पुढच्या वर्षावर.

दुष्काळाने माणसं बाहेर काढली, हे खरं. पण त्यांना दर वर्षी परत नेते ती उचल. ती लग्नाला लागते, दवाखान्याला लागते, बोअर घ्यायला लागते. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षीही टोळ्या निघतात.

याची किंमत कोण मोजतं हे २०१९ मध्ये आकड्यांत पुढे आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून जास्त महिलांचं गर्भाशय काढलेलं होतं. आजारपणाचा खाडा परवडत नाही, फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही. सहापैकी एक, हा तो आकडा.

जगात असे मुलूख आणखी आहेत. क्रोएशियात दाल्मेशियाचा सुंदर किनारा आहे, पर्यटकांनी भरलेला. त्या किनाऱ्यामागच्या डोंगरापलीकडे झागोरा नावाचा भाग आहे. नावाचा अर्थच ‘डोंगरामागचा’. चुनखडीच्या खडकात पाणी ठरत नाही, खाली झिरपून जातं. एके काळी व्हेनिस आणि ऑटोमन साम्राज्याची सरहद्द इथून जायची आणि १६९९ व १७१८ च्या तहांनी ती सरकत गेली. शेळ्या-मेंढ्या, थोडी द्राक्षं, तंबाखू, आणि बाकी दगड. १९६८ ला युगोस्लाव्हिया आणि पश्चिम जर्मनी यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला आणि या भागातल्या इमोत्स्कीसारख्या गावांतून माणसं मोठ्या संख्येने जर्मनीत कामाला गेली.

कोरडी जमीन, जुनी सरहद्द, बाहेर जाणारे हात. साम्य इतकं आहे. फरक एका कागदाचा आहे. झागोऱ्याचा माणूस गेला तेव्हा दोन सरकारांमध्ये लेखी करार होता. बालाघाटाचं जोडपं एकाच राज्यात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातं, आणि त्याचा करार मुकादमाच्या वहीत असतो.

शेण, दूध आणि छावणी

आष्टी म्हणजे नुसता कोयता, असं समजणंही चूक ठरेल. तालुक्याने स्वतःचे मार्ग शोधले आहेत, आणि त्यातला सगळ्यात पक्का मार्ग दुधाचा. ज्वारी माणसाला धान्य देते आणि कडबाही देते. संकरित गाय आली, शीतकरण केंद्रं आली, टँकर येऊ लागले. नगर-पुण्याची बाजारपेठ जवळ पडते हा जिभेसारख्या आकाराचा फायदा. आज बीड जिल्ह्यात दुधासाठी नाव घेतलं जातं ते आष्टीचं. दहा दिवसांनी का होईना, हातात रोख पैसा देणारा हा एकच धंदा. दुसरा कांदा. कड्याच्या बाजारात कांद्याची आवक मोठी असते. भाव मात्र त्याच्या मर्जीचा.

पण दूध म्हणजे गुरं, आणि गुरं म्हणजे पाणी व चारा. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि त्यांत आष्टी तालुका पुढे होता. माणसं महिनोन् महिने गुरांबरोबर छावणीत राहिली. बाहेरच्याला ते दृश्य निव्वळ दैन्याचं वाटलं. खरं तर दर गाय ही त्या कुटुंबाची ठेव होती. विकली असती तर दुष्काळ संपल्यावर परत उभं राहायला काही उरलं नसतं.

आता काय चाललं आहे

कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिलं. मराठवाड्यातला काही भाग कृष्णा खोऱ्यात येतो: आष्टी आणि धाराशिव जिल्ह्यातले भूम, परंडा, तुळजापूर यांसारखे तालुके. या भागाचा हक्क म्हणून कृष्णा-मराठवाडा प्रकल्पात २३.६६ टीएमसीचा विचार झाला. पहिल्या टप्प्यात हाती लागलं ७ टीएमसी. त्यातलं आष्टीचं १.६८.

हे पाणी उजनीचं. इथे भूगोलाची एक गंमत आहे. आष्टीतून वाहून जाणारं पाणी उजनीत जातच नाही. सीना भीमेला मिळते ती उजनीच्या खूप खाली, सोलापूरजवळ. म्हणजे आष्टीला मिळणार आहे ते तिचं स्वतःचं वाहून गेलेलं पाणी नव्हे. सह्याद्रीत पडलेला पाऊस उजनीत अडणार, कर्जत तालुक्यातल्या शिंपोऱ्याकडून उचलून वर येणार आणि आष्टी तालुक्यातल्या खुंटेफळच्या साठवण तलावात पडणार. ज्या सह्याद्रीने इतकी वर्षं ढग अडवले त्याचं पाणी विजेच्या पंपाने. फेब्रुवारी २०२५ मध्ये या योजनेच्या कामासाठी मुख्यमंत्री आष्टीला येऊन गेले. विजेचं बिल कोण भरणार, तलावातून शेतापर्यंत पाणी कसं जाणार, ते दुधाच्या चाऱ्याला मिळणार की पुन्हा उसाला, हे प्रश्न पुढे आहेत. शेवटचा सगळ्यात मोठा. कारण १.६८ टीएमसीत ऊस लावायचं ठरवलं तर मूठभर गावं हिरवी होतील. चारा, ज्वारी, कांदा, फळबाग ठरवली तर तेच पाणी लांब पोचेल.

आणि मग सप्टेंबर २०२५. महिन्याच्या मध्याला आष्टी तालुक्यात ढग असे फुटले की कडा आणि आसपासच्या गावांत पाणी शिरलं आणि अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. सीना दुथडी भरून सोलापूरपर्यंत नासधूस करत गेली. छावण्यांचा तालुका पुरासाठी बातम्यांत आला. वर्षाची सरासरी तीच राहील कदाचित, पण ती चार दिवसांत पडली तर मुरमाड जमीन ती धरून ठेवू शकत नाही. माती मात्र जाते.

त्याच आठवड्यात, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नगरची रेल्वे आष्टी ओलांडून बीडला पोचली. म्हणजे आष्टी आणि तिचं जिल्ह्याचं ठिकाण रुळांनी पहिल्यांदा जोडलं गेलं. लक्षात घ्या, तो रूळमार्ग बीडकडून आष्टीला आला नाही. नगरकडून आष्टीमार्गे बीडला गेला. जी आष्टी दोनशे वर्षं टोक होती, ती पहिल्यांदा वाट झाली.

वाट होण्याचा उपयोग काय, ते अजून ठरायचं आहे. रेल्वे माल बाहेर नेते तशी माणसंही बाहेर नेते. दूध आणि कांदा लवकर पुण्याला जाईल, आणि कदाचित विशीतला मुलगाही. पण कोयता घेऊन ट्रकमधून जाणं आणि तिकीट काढून गाडीत बसून जाणं यात फरक आहे. ट्रकमधल्या माणसाने उचल घेतलेली असते. त्याला परतायची तारीख मुकादम सांगतो. तिकीट काढलेल्याला ती स्वतः ठरवता येते.

दिवाळी झाली की कड्याच्या आणि धानोऱ्याच्या रस्त्यावर टोळ्यांच्या गाड्या लागतात. आता त्याच सुमाराला स्टेशनवर डेमू गाडीही उभी असते. पुढच्या काही वर्षांत कुठली गाडी जास्त भरून जाते, आणि खुंटेफळच्या तलावात पाणी कधी येतं, एवढ्या दोन गोष्टींवर नजर ठेवली तरी आष्टीच्या इतिहासाचं पुढचं पान तुम्हाला वाचता येईल.